इरल्याच्या बाई

आमच्या बाई वर्गात आल्या की आधी स्वतःची खुर्ची उचलून व्हरांड्यात ठेवत. "मला वाकायला जागा हवी," म्हणत. शुद्धलेखनाच्या तासाला त्या खरोखरच वाकत, धावत, मध्येच काठीसारख्या ताठ उभ्या राहत. पावसात इरलं पांघरून भातलावणीला वाकणाऱ्या बायकांसारख्या त्या दिसत, म्हणून गावात त्यांना इरल्याच्या बाई हे नाव पडलं. हातखंब्याहून सकाळच्या एसटीनं येणाऱ्या या बाई दुसरीला शिकवत, आणि क्रमिक पुस्तकाच्या आधी स्वतः केलेली चित्रांची पुस्तकं आमच्यापुढे टाकत.

ही पुस्तकं जुन्या कॅलेंडरांच्या कोऱ्या पाठीवर रंगवलेली आणि जाळी विणायच्या दोऱ्यानं शिवलेली असत. त्यांत अक्षरांचं एक गाव होतं. तिथली पहिली वेलांटी सदा घाईत. तिला एसटी पकडायची असे, म्हणून ती अक्षराच्या पुढे धावे. दुसरी वेलांटी अक्षराच्या मागे, डोक्यापासून पाठीपर्यंत इरलं घेऊन लावणीला वाकलेली. बांबूच्या काड्यांचं नि पानांचं ते इरलं हुबेहूब आमच्या आयांच्या पाठीवरचं. काना म्हणजे होडीची ताठ उभी डोलकाठी. पहिला उकार म्हणजे पाण्यात सोडलेली गरी, आणि दुसरा म्हणजे त्याच गरीला मोठा मासा लागून खाली ओढली गेलेली दोरी. शब्द पाटीवर लिहिण्याआधी तो अंगानं करून बघायचा, ही बाईंची रीत. "हात विसरतो गो, पाठ विसरत नाही," असं त्या म्हणत.

मी त्या वर्गात दुसऱ्यांदा बसले होते. आमच्या घरात तोवर कुणाला सही येत नव्हती. बाबा मुंबईला कंपनीत होते. आईनं मला स्पष्ट सांगितलं होतं, "यंदा पास नाय झालीस तर शाळा बास. तान्ह्याला कोन बघंल?" आधीच्या वर्षी, बाई यायच्या आधी, अक्षरं मला मुंग्यांसारखी दिसत. या पुस्तकांत पहिल्यांदाच ती माझ्या ओळखीची माणसं झाली. घरी धाकट्याला कडेवर घेऊन मी त्याच्यासकट वाकत असे. आई म्हणे, "पोरगी खुळावली."

हेडमास्तर गुरुजींचंही मत काही निराळं नव्हतं. तपासणीचे साहेब येणार असं कळल्यावर ते बाईंना वर्गातच म्हणाले, "बाई, ही शाळा आहे की शिमग्यातल्या नमनाचा खेळ? साहेबांपुढे पोरं अडली तर ही बाडं माळ्यावर जातील." बाई म्हणाल्या, "चालेल." पुस्तकं माळ्यावर गेली की मी घरी जाणार, एवढं मला मात्र कळत होतं.

साहेब आले, खुर्चीवर बसले. खुर्ची त्या दिवशी गुरुजींनी आत आणली होती. साहेब म्हणाले, "लिहा, विहीर." सगळा वर्ग उठला, पुढे धावल्यासारखा एक पाऊल टाकून थबकला, मग डोक्यावर हात धरून सावकाश वाकला, आणि खाली बसून लिहू लागला. गुरुजींनी डोळे मिटून घेतले.

"काय गं, हे काय चाललंय?" साहेबांनी नेमकं मलाच विचारलं. मी उभी राहिले. मग दिसली ती चित्रातली इरलं घेतलेली बाई, आणि मी बोलून गेले, "साहेब, पैली पुढं धावली, तिला गाडी पकडायचीय. दुसरी मागं लावणीला ऱ्हायली."

साहेबांनी माझी पाटी घेतली. मग शेजारचीची, मग मागच्या ओळीची. कुणाच्याच पाटीला त्यांनी खडू लावला नाही. "बरं, हुतूतू," ते म्हणाले. वर्गानं एक गरी सोडली आणि दोन मोठे मासे ओढले. साहेबांना हसू आवरेना. ते पुस्तक मांडीवर घेऊन पानं उलटत राहिले. शेवटचं पान कोरं होतं.

"बाई, हिला शेवटी एसटी मिळते का?"

"ते पोरं ठरवतात, साहेब."

मग काय, कुणी म्हणालं मिळते, कुणी म्हणालं गाडी घाटात बंद पडते, कुणी तिला ट्रकमध्ये बसवलं. साहेब सगळ्यांचं ऐकत बसले, आणि त्यांचा चहा निवला. जाताना ते गुरुजींना म्हणाले, "ही पुस्तकं पहिलीलाही द्या." मी त्या वर्षी पास झाले. आईनं घरोघर गूळ-खोबरं वाटलं.

पुढच्याच वर्षी बाईंची दापोलीकडे बदली झाली. त्यांना पोचवायला सगळा वर्ग थांब्यावर गेला. बाईंनी पुस्तकं आम्हालाच देऊन टाकली होती. एसटी सुरू झाली तेव्हा माझ्या शेजारची पोरगी उगीचच ताठ उभी राहिली, मग हळूहळू वाकली. तिचं बघून आम्ही सगळेच ताठ झालो, सगळेच वाकलो. एसटी वळणाआड गेली.

बी.ए. झाले तेव्हा मी पेढे घेऊन दापोली गाठली. आमच्या घरातली पहिली पदवी होती ती. पेढा तोंडात टाकत बाई म्हणाल्या, "तुम्ही त्या दिवशी वाकलात ना, तेव्हा कंडक्टर मला विचारत होता, या पोरांना झालंय तरी काय?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, गाडी लिहितायत. आणि बिनचूक लिहितायत."