वाटीत गोळी बसल्याचा आवाज

तंद्रीमामा कुणाचाच सख्खा मामा नव्हता. ना बहीण, ना भाचरं. तरी पेट्रोल पंपामागच्या त्या पत्र्याच्या शेडसमोर गाडी थांबवणारा प्रत्येक ड्रायव्हर, मग तो वयानं त्याच्याहून थोरला का असेना, खिडकीतून मान काढून विचारायचा, "मामा आहे का?" आणि शेजारचा पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवता बुडवता ठरलेलं उत्तर द्यायचा, "आहे, पण इथं नाही."

खरंच होतं ते. कंबरेपर्यंतचा मामा कुणाच्या तरी बॉनेटखाली शिरलेला असायचा आणि उरलेला कुठं असायचा ते त्याचं त्याला ठाऊक. एका हाकेला ओ नाही, दोन हाकांना नाही. चौथ्या हाकेनंतर पंक्चरवाला उठून त्याच्या पाठीवर ओला पंजा मारायचा. मग मामा वर बघून असा हसायचा, जणू लांबच्या गाडीनं आत्ताच इथं उतरलाय. घरीही तीच गत. बायको म्हणायची, "यांना हाक मारण्यापेक्षा पत्र टाकावं. दोन दिवसांनी का होईना, पोचतं."

काम तो सगळंच करायचा, पण नाव झालं ते वायपरचं. बाकीच्या मेस्त्रींना ते काम नकोसं. काचेखालच्या अरुंद खाचेत हात घालायचा, बोटांची सालपटं काढून घ्यायची आणि वर गिऱ्हाइकानं म्हणायचं, "एवढंसं तर काम!" मामाला मात्र त्या खाचेत शिरलं की आपल्या घरात शिरल्यासारखं वाटायचं.

त्याचे वडील ट्रक चालवायचे. आई लवकर गेली, म्हणून हे पोर वडिलांच्या शेजारी, केबिनमधल्या घडी केलेल्या घोंगडीवर वाढलं. बाहेर पाऊस, आत डिझेलचा आणि ओल्या सदऱ्याचा वास, आणि काचेवर दोन काळ्या दांड्या. इकडे जायच्या, तिकडे जायच्या. त्या आल्या की जग दिसायचं, गेल्या की विरघळायचं. एखादं झाड यायचं, पातळ व्हायचं, पुसलं जायचं, पुढचं झाड यायचं. असं पुसत पुसत त्याचं बालपण गेलं. एकदा त्यानं विचारलं, "यांना कोण हलवतं?" वडील म्हणाले, "आत एक म्हातारा बसलाय. पाऊस विचारतो, येऊ का आत? म्हातारा मान हलवून म्हणतो, नाही, नाही, नाही." पोर त्या म्हाताऱ्याची मान बघत बघत झोपी जायचं.

मोठेपणी त्यानं तो म्हातारा उघडून पाहिला. आत एक मोटर. तिला बिचारीला एकच येतं, गोल गोल फिरणं. तिच्या छोट्या दांडीला एक लांब रॉड जोडलेला. दांडी फिरली की रॉड पुढं ढकलला जातो, मागं ओढला जातो, आणि काचेच्या पायथ्याशी असलेल्या दोन खुंट्या थोड्या वळून परत येतात. गोल फिरणारीला येरझारा घालायला लावायचं, इतकीच सगळी करामत. आणि या सगळ्याचा जीव सांध्यांत. एका बाजूला लोखंडाची गोळी, दुसऱ्या बाजूला प्लॅस्टिकची वाटी, गोळी वाटीत बसलेली. वाटी झिजली की गोळी निसटते. मोटर आत गुरगुरत राहते आणि काचेवरचा वायपर मात्र उताणा पडून राहतो.

नवी वाटी गोळीवर ठेवायची, पक्कड आवळायची, आणि मग यायचा तो आवाज. टक्. नखाएवढा. तेवढ्या आवाजासाठी मामा डोळे मिटायचा. दुसरे मेस्त्री टक् झाल्यावरही रॉड धरून एक हिसका देतात, बसला की नाही ते बघतात. मामा कधी ओढून बघत नसे. म्हणायचा, "टक् झाल्यावर ओढून बघणं म्हणजे पाहुण्याला जेवायला वाढायचं आणि त्याचे खिसे चाचपायचे." ड्रायव्हर लोक हे वाक्य एकमेकांना सांगायचे.

लेक एकच. बापाच्या शेडमध्येच खेळली, पान्यांवरचे आकडे ओळखत वाचायला शिकली, आणि आता शाळेची व्हॅन चालवायची. बारा मुलं, तळ्याकाठचा वळणांचा रस्ता. पावसाळा निम्मा सरला होता, आभाळाला आता बरसायचाही कंटाळा आल्यासारखी नुसती बुरबुर चालू होती. अशा एका सकाळी तिनं मुलं घ्यायला निघण्याआधी व्हॅन शेडपुढं लावली.

"बाबा, डावा नाचतोय, उजवा झोपलाय."

मामानं वर बघून सांगितलं, "वाटी गेली असणार." आणि तसंच निघालं. त्यानं नवी वाटी लावली, पक्कड आवळली, डोळे मिटले. टक्. बटण दाबून पाहिलं, दोन्ही वायपर डुलायला लागले. लेक गेली. मामा त्या टक्च्या तंद्रीत घोटभर चहा प्यायला.

दहाच्या सुमाराला व्हॅन परत आली. लेकीचा उजवा हात खांद्यापर्यंत भिजलेला.

"तळ्याच्या वळणावर निसटला. मुलं मागं बसलेली. खिडकीतून हात काढून फडक्यानं काच पुसत आणली गाडी, पायी चालल्यासारखी."

मामाच्या हातातला पाना तसाच राहिला. "मुलं?"

"मुलांना मजा वाटली. गाणी म्हणत होती. माझी मात्र वाचा बसली होती." तिनं हात झटकला. "शाळेच्या मोठ्या बाईंनी ऐकवलं. साडेबाराला मुलं सोडायची. तोवर गाडी धड झाली तर ठीक, नाहीतर उद्यापासून दुसरा मेस्त्री. मी म्हटलं, माझे वडीलच करतील. तेवढं मी बोलून आलेय."

पंक्चरवाला ट्यूब सोडून उठला होता. "अरे, मामाचा सांधा निसटला? सूर्य कुठून उगवला आज?"

मामानं बॉनेट उघडलं. त्यानं कामाला सुरुवात केली. वायपर कुठं विसावतात त्या जागी काचेवर चिकटपट्टीच्या दोन खुणा केल्या. टोप्या काढल्या, नट सोडले, वायपर उचलले. काचेखालची जाळी काढली तर आत कुजलेल्या पानांचा थर. पाणी जायचं भोक बुजलेलं, आणि त्या साचलेल्या पाण्यात उजवी खुंटी गंजून गेलेली. त्यानं ती बोटांनी फिरवून पाहिली. हलेना; मोटरच्या जोरानंच काय ती फिरत होती.

लेकीनं वाकून पाहिलं आणि तिचा चेहरा सैल झाला. "हे बघा! खुंटीच जाम आहे. एवढा जोर आल्यावर कुठली वाटी टिकणार? म्हणजे तुमची चूक नाहीच, बाबा. मी बाईंना सांगते."

केवढी सोपी वाट होती ती. गंजाला तोंड नसतं, तो कुठं नाही म्हणणार होता. मामानं निसटलेली वाटी हातात घेतली आणि उजेडाकडं धरली. जाम खुंटीनं उखडली असती तर वाटीचा काठ फाटला असता. काठ कोराच्या कोरा होता. गोळी आत गेलीच नव्हती. नुसती काठावर टेकली होती, आणि तेवढ्यावर तळ्यापर्यंत चालली होती.

मग सकाळचं ते टक् कुणी ऐकलं?

त्याला उत्तर माहीत होतं. दोन वर्षं माहीत होतं. आधी पक्ष्यांचे बारीक आवाज गेले, मग घड्याळाचा, मग बायकोच्या हाका; समोरासमोरचं बोलणं तेवढं पोचायचं. लोक म्हणायचे, तंद्री लागलीय. तो हसायचा. बहिऱ्या मेस्त्रीपेक्षा तंद्रीतला मेस्त्री बरा. टक् मात्र रोज ऐकू येत होतं, कारण हजारदा ऐकलेलं ते आतच साठलं होतं. पक्कड आवळली की आठवण वाजायची.

पार्ट्सच्या दुकानातून नवी चौकट आली. खुंट्या, रॉड सगळं जोडलेलं, बोटानं हलवलं तर लोण्यासारखं फिरणारं. मोटर चांगली होती, तीच ठेवायची. मामानं आधी ती नुसतीच चालवली आणि बटण बंद केलं. ती आणखी थोडी फिरून आपल्या मुक्कामाला जाऊन थांबली. हे आधी केलं नाही तर वायपर काचेच्या मध्येच विसावतात. भोक साफ केलं, चौकट बसवली, बोल्ट आवळले. आता मोटरच्या दांडीची एकच गोळी वाटीत बसवायची राहिली. घड्याळात बाराला दहा कमी.

मामानं पक्कड लावली, आवळली, डोळे मिटले. टक्.

त्यानं डोळे उघडले. लेक जाळी हातात धरून उभी होती, लावायची वाट बघत.

"वाजलं का गं?" त्यानं विचारलं.

"काय?"

"टक्. मला वाजलं. पण मला ते केव्हाही वाजतं." त्याची नजर पक्कडीवर होती. "मला ऐकू येत नाही. सकाळीही आलं नव्हतं. खुंटीचा दोष नाही तो."

लेकीनं जाळी खाली ठेवली. ती त्याच्या शेजारी बॉनेटखाली शिरली. लहानपणी शिरायची तशीच, खांद्याला खांदा.

"नाही वाजलं, बाबा. परत आवळा."

त्यानं वाटी सरळ केली, दोन्ही हातांनी आवळली.

"वाजलं!" ती एवढ्या मोठ्यांदा ओरडली की ते त्यालाही ऐकू आलं. मग जरा थांबून म्हणाली, "आता ओढून बघा."

तो कचरला. उभ्या जन्मात केलं नव्हतं. मग रॉड मुठीत धरला आणि पाहुण्याचे खिसे चाचपले. एकदा, दोनदा, जोर लावून तिसऱ्यांदा. रॉड जागचा हलला नाही.

"आता?" लेकीनं विचारलं.

"आता बसला."

"मग आजपासून ऐकायचं काम माझं, ओढायचं तुमचं. आणि रविवारी कानाच्या डॉक्टरकडं. आईला मी सांगते, नाहीतर ती खरंच पत्र टाकेल."

वायपर खुणांवर आणून नट आवळले, टोप्या लावल्या. बारा वाजून दहा मिनिटांनी व्हॅन निघाली. मामा शेजारच्या सीटवर बसला, तळ्यापर्यंत तपासायला म्हणून. लेकीनं बटण दाबलं. दांड्या उठल्या, इकडे गेल्या, तिकडे गेल्या. त्याला काहीच ऐकू येत नव्हतं, आणि त्यामुळं सगळं आणखीच हळू चालल्यासारखं वाटत होतं. तळं यायचं, विरघळायचं, पुसलं जायचं, परत यायचं. वळण आलं, तिनं एकदा वायपरकडं पाहिलं आणि परत रस्त्याकडं. वळण गेलं. मामाची मान सीटवर रेलली आणि काचेवरच्या दांड्यांबरोबर इकडून तिकडे डुलायला लागली.

लेकीनं त्याच्या गुडघ्याला हात लावून मोठ्यांदा विचारलं, "बाबा, झोपलात का?"

मान डुलत राहिली. नाही, नाही, नाही.