उष्टं वारं

सुप्याच्या जंगलशाळेत फुलाबाई बावीस वर्षं झाडलोटीला होती. तिथून शिकून रखवालदार झालेल्यांना तिचा चेहरा कदाचित आठवत नसेल, पण तिचे दोन शब्द आठवतात. खोलीच्या दारात आली की ती नाक वर करायची आणि म्हणायची, "उष्टं साचलंय." मग भर पावसातही साऱ्या झडपा उघडायची. मागं कुणी हसलं तरी वळून बघायची नाही.

शाळा म्हणजे सागवानी फळ्यांची एक लांब खोली. दिवसा तिथं झाडांची ओळख, तोडीच्या खुणा, वणवा कसा अडवायचा ते शिकवत. रात्री त्याच जमिनीवर अकरा जण ओळीनं घोंगड्या टाकून झोपत.

फुला मूळची अणशीची. तिच्या घराला खिडकी नव्हती. चूल सहसा विझू देत नसत. धूर गवती छपरातून आपली वाट काढी आणि माळ्यावरचं भात कोरडं राही. नवरा येसाजी कॅसलरॉकला रेल्वेसाठी लाकडं तासायला जाई. एका हिवाळ्यात तिथल्या उघड्या खिंडीत चार रात्री काढून परत आला तो अर्धं अंग लुळं घेऊनच. गाव म्हणालं, वारं लागलं. आठ महिन्यांनी तो गेला. देवाच्या नावानं अंगात येतं ते वारं आणि माणसाला लोळवतं तेही वारं, एवढंच त्या शब्दाचं फुलाला ठाऊक होतं. त्यातलं कुठलंच कुणी आपणहून घरात बोलवत नाही.

मुलगा झिलू याला घेऊन ती सुप्याला आली आणि शाळेत रांधू-झाडू लागली. झिलू एकोणीस वर्षांचा झाला तेव्हा त्याला वर्गात घेतलं. चैत्रापर्यंत निभावलं की तो रखवालदार होणार होता, बापासारखी कुऱ्हाड त्याला धरावी लागणार नव्हती. पण आषाढ लागला आणि तो खोकू लागला.

बाबुराव मास्तर बेळगावहून आलेले. माणूस सरळ, पण एकदा सांगितलं म्हणजे समजलं असं धरून चालणारा. चूल त्यांनी बाहेरच्या पडवीत हलवली, खोलीत धूर नको म्हणून. दिवेलागणीला झडपांकडं बोट दाखवून रोज सांगत, "फुलाबाई, वारं आत येऊ द्या." ती मुकाट्यानं आकडे काढायची. अंथरुणं भिजत. वर्गातला लखू म्हणायचा, "मास्तरांना रखवालदार न्हाई, बेडूक पायजेत." सगळे हसत. झिलू हसायला जाई आणि खोकल्यानं वाकडा होई. ते ऐकताना फुलाला येसाजीचा लुळा हात दिसे.

श्रावणात मास्तर आठ दिवसांसाठी बेळगावला गेले. त्याच दिवशी तिनं झडपा ओढून घेतल्या. फळ्यांच्या फटीत चिंध्या कोंबल्या आणि वरून शेण लिंपलं. मास्तरांचा शब्द तिनं अगदीच टाकला नाही. धूर नको म्हणाले होते, म्हणून किंदळाची लाकडं पडवीत धूर संपेपर्यंत जाळली आणि नुसते लालभडक निखारे शेगडीत भरून आत नेले. शेगडी झिलूच्या उशाशी ठेवली.

"आये, बरं वाटतंय," तो म्हणाला. तिनं दार ओढून घेतलं आणि पडवीत आडवी झाली. बऱ्याच दिवसांनी खोकला ऐकू आला नाही. ती गाढ झोपली.

उजाडता उजाडता लखू दार ढकलून बाहेर आला आणि पायरीवरच ओकला. त्याच्यामागून एक जण रांगत आला. बाकीच्यांना ओढून बाहेर काढावं लागलं. पावसात पडल्यावर ते एकेक करून डोळे उघडू लागले. झिलूला फुलानंच ओढलं. त्याचे गाल लाल होते. एवढा रंग त्याच्या तोंडावर महिनाभरात आला नव्हता. ऊब लागली, असं तिला वाटलं, आणि ती त्याला हाका मारत राहिली. अंग गार पडलं तरी गाल तसेच होते.

दोन दिवसांत पोरांचे बाप, चुलते येऊन जमले. सगळ्यांचं एकच म्हणणं, मास्तरानं महिनाभर झडपा उघड्या टाकल्या, वारं आत शिरलं, त्यानं पोर नेलं. यमुना म्हणून पलीकडच्या आळीतली बाई फुलाच्या कानाशी लागली, "वारं शिरलं, एवढंच सांग गं. मास्तर जाईल, तुझं काय जातंय?"

मास्तर परतले. खोलीत फिरले, शेगडी पाहिली, फटीतली एक चिंधी उपसली. मग तिच्यासमोर जमिनीवर बसले. खालच्या आवाजात त्यांनी सांगितलं, की माणूस श्वास टाकतो तो उष्टा असतो, दुसऱ्यानं घेऊ नये असा. निखाराही हवा खातो आणि जे टाकतो ते विष. धूर दिसत नाही म्हणून ते नसतं असं नाही.

फुला म्हणाली, "उष्टं म्हणायचं व्हतं, मास्तर. उष्टं आमाला कळतंय. तुमी रोज वारं म्हणालात. वारं कुनी घरात घेतंय व्हय?"

मास्तरांनी हातातली चिंधी खाली ठेवली.

बाहेर माणसं थांबली होती. फुला दारात गेली आणि म्हणाली, "वारं न्हाई आलं. म्या कोंडलं. झडपा म्या लावल्या, शेगडी म्या ठेवली." यमुना आधी उठून गेली, मग बाकीचे.

मास्तर राहिले, शाळाही राहिली. पण फुलाच्या हातचं त्यानंतर कुणी जेवेना. रांधायला दुसरी बाई ठेवली, फुलाकडं झाडलोट उरली. गावात बाळंतिणीच्या कोंदट खोलीतली शेगडी उचलून बाहेर ठेवायला ती न बोलावता जायची. सासवा दारातूनच हाकलायच्या. पोर खाल्लेली बाई, म्हणायच्या, आमच्या उंबऱ्यात नको. ती परत यायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा जायची.

झिलूच्या जागेवर पुढं कुणी अंथरूण टाकलं नाही. तिथली झडप पुन्हा लागू नये म्हणून तिचा आकडा तिनं उपटूनच टाकला होता. पावसाळ्यात तिथून पाणी आत येई. सकाळी ती तेवढी जमीन पुसून काढायची.