आबांनी दाखवलेला राजवाडा

आबा गेल्याचा निरोप घेऊन कल्याणहून माणूस आला, तेव्हा मी देवघरात होतो. स्नानाला उठलो तर उपाध्याय हळूच म्हणाले, "सरकार, दत्तक गेलेल्या मुलाला जन्मदात्याचं पूर्ण सुतक नसतं." ... म्हणजे आपल्यासाठी मी किती शोक करायचा, हेही आबाच ठरवून गेले होते.

आमचं घर कल्याणला; आबा ठाण्याच्या कचेरीत कारकून होते. शांत, नेमस्त माणूस. आम्हा मुलांवर त्यांनी कधी हात उगारला नाही. संध्याकाळी खाडीवर नेऊन गलबतं दाखवत, कुठलं कुठून आलं ते न कंटाळता सांगत. त्यांचा शब्द मला देवाचा वाटे. मी सात वर्षांचा असताना एकदा म्हणाले, "चला, आपल्या भाऊबंदांचा राजवाडा पाहून येऊ." दसऱ्याला तिथे दरबार भरे, पाय ठेवायला जागा नसे. आम्ही गेलो माघात. आबा, आई, ताई आणि मी. आधी आगगाडी, मग दिवसभर बैलगाडी. राजवाडा सामसूम होता. हंड्याझुंबरं फडक्यांत बांधलेली, गालिचे गुंडाळून भिंतीशी उभे केलेले. त्या मोकळ्या दिवाणखान्यात ताई आणि मी ओरडून प्रतिध्वनी ऐकत होतो, आबा हसत होते. सगळा राजवाडा आपल्यासाठीच उघडलाय, असं मला वाटलं...

दुसऱ्या सकाळी मला पीतांबर नेसवलं. चौकात होम पेटला होता. आई दारातच थबकली.

"हे काय चाललंय? मला विचारलंत का?"

"विचारलं असतं तर आली असतीस का?" आबा खालच्या आवाजात म्हणाले. "इथल्या सरकारांना मूल नाही. पोराचं सोनं होईल."

भटजींनी विचारलं, "पुत्र देता?"

"देतो," म्हणून आबांनी हातावरून पाणी सोडलं. कचेरीत कागद पुढे सरकवावा, तसा तो आवाज होता. मला वाटलं, काही पूजा असेल. दुपारी बैलांच्या घुंगरांचा आवाज आला म्हणून धावलो, तर दिंडीदरवाजा लावून घेतलेला. पलीकडून आईचं रडणं लांब लांब जात होतं.

मोठा झाल्यावर, आबा असताना एकदाच कल्याणला गेलो. आई तोवर राहिली नव्हती. मला पाहताच आबा उठून उभे राहिले. "यावं सरकार, बसावं."

"आबा, मी बाळू."

त्यांनी मान खाली घातली. "तसं आता म्हणता येत नाही."

परवा ताईला भेटायला पुन्हा त्या घरी गेलो. ती म्हणाली, "अरे, लहानपणी तू त्यांच्या ताटात जेवायचास ना? शेवटपर्यंत ताटात दोन घास दहीभात ठेवूनच उठायचे."

"कुणासाठी?"

 ती म्हणाली, "मांजर खायचं."

मला राग येतो तो त्या भाताचाच. ठेवायचंच होतं, तर मला ठेवून घ्यायचं होतं.