डॉक्टरीणबाईंचा रोजचा खेळ

लग्न होऊन मी अलिबागेत आले, ती तीस सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांत. यजमान वकील. त्यांच्या क्लबाचं टेनिस कोर्ट शेणाने सारवलेलं होतं आणि संध्याकाळी तासभर ते बायकांसाठी राखलेलं असे. शाळेत असताना मी थोडं खेळले होते, त्यामुळे नऊवारीचा काष्टा घट्ट मारून पहिल्याच आठवड्यात हजर झाले.

तिथे सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई खेळत. चाळिशी उलटलेल्या, अंगाने भरलेल्या, आणि दरवर्षी बायकांचा कप त्यांच्याकडेच. त्यांच्या खेळात बघण्यासारखं काहीच नव्हतं. चेंडू आला की त्या परत पाठवत. समुद्रावरचा वारा असो नसो, तो आपला मागच्या रेघेजवळच पडायचा. मी मात्र जोरात मारायची. लागला तर वाहवा, नाही तर चेंडू कुंपणापलीकडे सुरूच्या झाडांत.

एके दिवशी माझे सगळेच फटके लागले आणि मी त्यांना हरवलं. मला आभाळ ठेंगणं झालं. चौलहून नारळ आलेलेच होते. त्यांच्या वड्या करून दुसऱ्या दिवशी दुपारी आळीभर वाटल्या. डॉक्टरीणबाईंनाही बोलावलं. त्यांनी आवडीने खाल्ल्या, काही बांधूनही घेतल्या.

"काल तुम्ही माझ्यापेक्षा फार छान खेळलात," त्या म्हणाल्या. "मला असा दिवस कधी येतच नाही. संध्याकाळी येताय ना?"

त्या संध्याकाळी मी हरले. त्यानंतरही हरतच राहिले.

त्या वर्षी कपासाठी शेवटचा सामना आम्हा दोघींतच होता. डॉक्टरीणबाई आदल्या रात्री थळला एका कोळणीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या, त्या सकाळी टांग्यातून परतल्या. यजमान म्हणाले, आज कप आपल्या घरी. मलाही तसंच वाटलं. पण चेंडू पुन्हा त्याच रेघेजवळ पडू लागला. मध्ये पाणी पिताना मी विचारलं, दमला नाहीत का?

"दमलेय ना," त्या हसून म्हणाल्या. "हाताला अजून कळलेलं नाही."

कप त्यांनीच नेला. मला राग यायला हवा होता, पण मी हसतच घरी आले. दुसऱ्या दिवसापासून फटके सोडून नुसता चेंडू परत पाठवायला शिकू लागले. त्याला मला काही वर्षं लागली.

पुढे त्यांची बदली झाली. सामान रेवसच्या धक्क्याकडे रवाना झालं होतं, टांगा फाटकाशी उभा होता, तरी आम्ही एक डाव खेळलो. तोही त्याच जिंकल्या.