खिडकीकडे तोंड केलेला बाक

डावा हात खांद्यापासून सरळ, बोटं जुळवलेली, तळवा खाली. आणि मग, घशातून नाही, नाकातून: "आउट!"

चेंडू बाहेर पडला तर आउट, हे ठीक आहे. पण चहात साखर जास्त पडली तरी आउट. कुणी काळे बूट घालून गवतावर आला तरी आउट. एका मेंबरच्या नातीच्या लग्नाची पत्रिका आली, त्यात स्पेलिंग चुकलं होतं. साहेबांनी ती पत्रिका वर धरली आणि हात सरळ केला. असा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. लंडनमधल्या आमच्या हॅरोच्या टेनिस क्लबचे ते सेक्रेटरी होते. पुण्याचे, मोठे इंजिनीअर, रिटायर झालेले. डोक्यावर पांढरी टोपी. त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. बाकाच्या पाटीवर लिहिलंय, तेवढं पुरे.

मी त्या क्लबचा माळी. इथे ग्राउंड्समन म्हणतात, पण काम माळ्याचंच. सातवी नापास माणूस मी, सातारा भागातला. गवत कापायचं, रोलर फिरवायचा, पांढऱ्या रेघा मारायच्या. माझी बायको तिथेच चहाच्या खिडकीत असायची. एक नंबर कोर्टाच्या बाजूलाच ती खिडकी. साहेब तिला 'बाई' म्हणायचे. "बाई, चहा." "बाई, बशी." तिला नाव होतं. सुमन. बारा वर्षांत त्यांच्या तोंडून मी ते एकदाही ऐकलं नाही.

मॅच असली की साहेब उंच खुर्चीवर चढून पंच व्हायचे. त्यांचा हात वर गेला की वाद संपला. गोरे मेंबरसुद्धा म्हणायचे, या माणसाची नजर घारीची आहे. मला म्हणायचे, "माणसाला एक रेघ सांभाळता आली पाहिजे. कळलं का तुला?" मी म्हणायचो, "रेघ मी मारतो साहेब, तुम्ही सांभाळा."

सुमन त्या खिडकीत उभी राहून टेनिस शिकली. इंग्रजी यायचं नाही, पण 'ड्यूस' कळायचं. विंबल्डनचे पंधरा दिवस आमच्या घरी भाजी करपायची. तिचा एक लाडका खेळाडू होता. उंच, हडकुळा, डावखुरा. सेमीफायनलला पोचायचा आणि हरायचा. ती म्हणायची, "अहो, एकदा जाऊन बघायचा त्याला. आपण तिथे नसतो म्हणून हरतो तो." मी म्हणायचो, "तू जाऊन काय करणार? चहा देणार?" ती हसायची. आता ते हसणं आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

आमच्यासारख्या क्लबांना विंबल्डनकडून थोडी तिकिटं यायची. चिठ्ठ्या काढायच्या. मे महिन्यात, चहाच्या वेळी, साहेबांच्या त्याच पांढऱ्या टोपीत. त्या वर्षी म्हाताऱ्या प्रेसिडेंटने सुमनचंही नाव टाकायला लावलं होतं. म्हणाला, बारा वर्षं आमचा चहा करते, टाका तिचंही. तोवर तिच्या पोटातल्या गाठीचं आम्हाला कळलं होतं. क्लबात कुणाला सांगितलं नव्हतं.

सेमीच्या तिकिटाची चिठ्ठी प्रेसिडेंटने उचलली, उघडली आणि तिचं नाव वाचलं. सुमनच्या हातात ट्रे होता. ट्रे तसाच धरून ती हसली, नव्या नवरीसारखी.

साहेब उठले. डावा हात सरळ.

"आउट. बाई स्टाफ आहे. मेंबर नाही. नियम म्हणजे नियम."

प्रेसिडेंटने तिची चिठ्ठी घडी करून खिशात घातली. साहेबांनी टोपीत हात घातला, दुसरी चिठ्ठी काढली, डोळ्यांजवळ नेली आणि वाचली. त्यांचं स्वतःचं नाव निघालं होतं.

माझ्या मनात काय आलं असेल ते तुम्हाला सांगायला नको. सुमनने ट्रे खाली ठेवला आणि पहिला कप साहेबांनाच दिला. "साहेब, मजेत बघा," म्हणाली.

सेमीच्या दिवशी ती घरी सोफ्यावर पडली होती. औषधाने केस गेलेले, डोक्याला माझी लोकरी टोपी. टीव्हीवर कॅमेरा लोकांवरून फिरला आणि ती एकदम उठून बसली. "अहो, बघा बघा! आपले साहेब!" पांढरी टोपी दिसली खरी. ती आनंदाने टाळ्या वाजवत होती. हडकुळा त्याही दिवशी हरला. झाडांची पानं गळायला लागली तेव्हा सुमन गेली.

मयताला साहेब आले होते. पांढरी टोपी हातात घेऊन मागे उभे राहिले. मी त्यांच्याकडे बघितलं आणि मनात म्हटलं, तुमचा हिशेब मी चुकता करणार.

पुढच्या उन्हाळ्यात साहेबांनी पंचाची खुर्ची सोडली. "पाठ दुखते," म्हणाले. पण रोज सकाळी रेघा तपासायचे, वाकून, बोट फिरवून. एक दिवस मी मुद्दाम एक नंबर कोर्टाची बेसलाइन, म्हणजे मागची रेघ, दोन बोटं आत मारली. म्हटलं, घारीची नजर ना? दिसू दे. आख्ख्या क्लबसमोर ओरडले असते, तर मी तिथेच पोटातलं सगळं ओकणार होतो. ते आले. वाकले. बोट फिरवलं. "छान. सरळ आहे," म्हणाले आणि गेले. मी रोलरवर हात ठेवून बघतच राहिलो. भांडायचीसुद्धा सोय ठेवली नाही या माणसाने.

त्याच्या पुढच्या वर्षी सगळ्यांना कळलं. साहेबांच्या डोळ्यांत मधोमध काळा डाग होता. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. गाडी बंद झाली. मुलगा बर्मिंगहॅमला, त्याला वेळ नाही. एका सकाळी साहेब माझ्या शेडच्या दारात उभे राहिले.

"अरे, शुक्रवारी मोकळा आहेस का?"

"का?"

"क्लबने मला सेमीची दोन तिकिटं दिली आहेत. इतक्या वर्षांच्या कामाची. मला एकट्याला जमणार नाही."

मी हो म्हटलं. लगेच. सूड घ्यायला कुठे जायची गरज पडली नाही, तो तिकीट घेऊन दारात आला होता.

मेट्रोपॉलिटन लाइन, मग डिस्ट्रिक्ट लाइन, मग पायी. साहेबांनी अंड्याची सँडविचं आणली होती. मी थालीपीठ नेलं होतं, माझ्या हातचं, एका बाजूने करपलेलं. साहेब माझा कोपर धरून चालत होते. "गर्दी किती आहे?" "आहे." "ऊन?" "आहे." जास्त बोलायची माझी तयारी नव्हती.

सेंटर कोर्ट मी पहिल्यांदाच बघितलं. माळ्याच्या डोळ्याने बघितलं. कडेला हिरवंगार, पण बेसलाइनपाशी गवत पार गेलेलं, मळणी झालेल्या खळ्यासारखी जमीन. दोन आठवडे माणसं तिथे पाय घासत होती. इतकी हजार माणसं, आणि चेंडू उडवला की एवढी शांतता! अशी शांतता मी फक्त स्मशानात ऐकली होती. आणि समोर कोण? सुमनचा हडकुळा. चार हातांवर. त्याच्या गुडघ्याला पट्टी होती, केस विरळ झाले होते. सुमनला दाखवायला म्हणून मी तोंड वळवलं. बाजूला पांढरी टोपी दिसली आणि राग परत जागा झाला.

चेंडू दाखवणारं यंत्र तेव्हा आलं नव्हतं. रेघेवरची माणसं 'आउट' म्हणून ओरडतील ते खरं. साहेबांना ओरडणं ऐकू यायचं, चेंडू दिसायचा नाही.

"होता का आउट?" त्यांनी विचारलं.

"छे! आत होता साहेब. चार बोटं आत."

"काय सांगतोस?"

"डोळ्यांनी बघितलं ना. पंच झोपलाय."

पुढच्या वेळी परत तेच. मग परत. हडकुळ्याचा प्रत्येक बाहेरचा चेंडू मी आत टाकला. साहेब खुर्चीच्या कडेवर सरकले. "विंबल्डनवर? इथे असं?" चौथ्या सेटमध्ये कुणीतरी 'आउट' ओरडलं आणि साहेब ताडकन उभे राहिले. डावा हात वर, बोट कोर्टाकडे. "इट वॉज इन! इन!"

आख्खा स्टँड वळला. लोक हसले. पंचाने माइकवरून गप्प राहायला सांगितलं. एक युनिफॉर्मवाला पायऱ्यांवरून खाली आला आणि लहान पोराला सांगावं तसं साहेबांना खाली बसायला सांगितलं. ज्यांच्या शब्दावर वीस वर्षं कुणी चूं केलं नाही, ते हजारो माणसांत येडे ठरले.

मला गोड लागलं. खोटं कशाला बोलू? थालीपीठापेक्षा गोड लागलं.

साहेब टोपी मांडीवर घेऊन बसले. हळूच म्हणाले, "बाई असती तर तिला विचारलं असतं."

"कोण बाई?"

"तुझी बायको. तिने बरोबर सांगितलं असतं. नेहमी सांगायची."

मी त्यांच्याकडे वळलो.

"शेवटची सहा वर्षं मला रेघ दिसत नव्हती," साहेब म्हणाले. "समोरचं काहीच नाही. पण कडेचं चमकलेलं दिसायचं. चेंडू बाहेर गेला की ती खिडकीतली किटली उचलायची. ती मोठी स्टीलची. चमकली की मी हात करायचो. तिनेच सुचवलं होतं. एकदा मी चुकलो, ते फक्त तिच्या लक्षात आलं."

खाली खेळ चालू होता. मला दिसत नव्हता. मला ती किटली दिसत होती. मॅचच्या दिवशी ही बाई किती वेळा किटली उचलते! मीच खेकसायचो तिच्यावर, "अगं, उकळू दे की जरा!" ती म्हणायची, "तुम्ही तुमचं गवत बघा."

"मला सांगितलं नाही तिने," मी म्हणालो.

"मी शपथ घातली होती. नवऱ्यालासुद्धा नाही."

"आणि तरी तिला आउट केलंत?"

"कमिटीतला एक जण विचारायला लागला होता, तुम्ही सारखे खिडकीकडे का बघता. त्यात तिला तिकीट गेलं असतं, तर म्हणाले असते, यांचं काहीतरी आहे. मी घाबरलो रे."

"आणि दुसरी चिठ्ठी?"

साहेबांनी टोपीची कड चुरगाळली. "ती मला वाचता आली नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. मी माझंच नाव सांगून टाकलं."

माणसाचा राग किती मोठा होऊ शकतो ते मला त्या खुर्चीत बसून कळलं. चोर असता तर बरं होतं. चोराला मारता येतं.

"ही सीट तिची होती," ते म्हणाले. "म्हणून तुला आणलं."

"मला आणून काय उपयोग? चिठ्ठीत माझं नाव नव्हतं."

मॅचचा शेवटचा पॉइंट आला. शांतता. हडकुळ्याने जीव खाऊन मारला, चेंडू लांबच्या बेसलाइनवर पडला, पांढरी धूळ उडाली. लोक श्वास धरून. साहेबांनी माझी बाही घट्ट पकडली.

"आत की बाहेर? सांग ना. आत की बाहेर?"

मी बघितलं होतं. स्वच्छ. पण नाही सांगितलं. त्यांचा डावा हात अर्धा वर आला होता, तो तसाच लटकत राहिला. मग सगळा स्टँड उठला, टाळ्यांचा पाऊस पडला, पंच बोलला तेही त्यात बुडालं. उठलेल्या हजारो माणसांत ते एकटे बसून विचारत होते, "कोण जिंकलं? अरे, कोण?"

हडकुळा जिंकला होता. ते मी त्यांना सांगितलं नाही. ते मी घरी येऊन सुमनच्या फोटोला सांगितलं.

परतताना स्टेशनच्या जिन्यावर कोपर सोडवून घ्यावा असं एकदा वाटलं. एकदा कशाला, प्रत्येक पायरीला वाटलं. नाही सोडवला. मेल्यावर वर भेट झाली की सुमन पहिलं तेच विचारणार, साहेबांना नीट घरी पोचवलंत ना.

पुढच्या वसंतात साहेब गेले. झोपेत. कमिटीने त्यांच्या नावाचा बाक करायचं ठरवलं, सागवानी, वर पितळी पाटी. पाटीवर इंग्रजीत काय लिहिलंय ते मी वाचून घेतलं: ज्यांच्या नजरेतून एकही रेघ सुटली नाही. मिटिंगमध्ये मी मागे उभा होतो. तोंड उघडलं असतं तर पाटी तिथेच वितळली असती. पण तिने शपथ पाळली होती, मी ती क्लबात मोडायची कशी? इथे कागदावर मोडतोय, ते ती बघून घेईल.

बाक बसवायचं काम माझंच. पहाटे एकट्याने खड्डे खणले, चारही पाय काँक्रीटमध्ये गाडले. सकाळी कमिटीचा चेअरमन आला, डोकं खाजवत उभा राहिला. बाकाची पाठ कोर्टाकडे आणि तोंड चहाच्या खिडकीकडे.

"उलटा बसलाय हा," तो म्हणाला. "यावरून खेळ कसा दिसणार?"

"नाही दिसणार."

"फिरवता येईल?"

"वाळलं," मी म्हणालो.

क्लबात आता विजेची किटली आली आहे. जुनी स्टीलची मी शेडमधून काढली, चिंच लावून घासली आणि खिडकीत ठेवली. तीन वाजता ऊन तिच्यावर येतं आणि चमक थेट बाकावर पडते, पाटीच्या उंचीवर. तेवढ्या वेळी मी रोलर थांबवतो.

बसा म्हणतो, साहेब. आता बघत बसा.