अनुपानाचं पान

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी कळलं नाही. चौथीपर्यंतच शाळा झाली. कधी कुणाच्या हाती ही वही पडलीच, तर चुकांबद्दल आधीच माफी मागते. एका शब्दाने माझी एकदा चांगलीच फजिती केली होती, तेवढी लिहून ठेवते.

लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. हे नगरच्या स्टेशनावर टांगा चालवत. घरात सासूबाई, आम्ही दोघं आणि तीन महिन्यांची आमची मुलगी. बाळंतपणानंतर मला ताप आला आणि अंगातली शक्ती गेली ती परत येईना. दूध कमी पडू लागलं. मुलगी दोन घोट ओढायची, तोंड फिरवून रडायची. तिचे हात काटकीसारखे झाले होते.

सासूबाईंनी कनवटीला खोचलेले दोन रुपये काढून यांच्या हातात ठेवले. "वैद्याकडं जा. पर उसने हायेत बरं का, दान न्हाई."

वैद्यबुवांच्या दुकानात मी दाराशीच पदर ओढून उभी राहिले. जे सांगायचं ते हेच सांगत होते. बुवांनी आस्कंदाच्या, म्हणजे अश्वगंधेच्या, मुळीचं चूर्ण पुडीत बांधलं, एका चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं आणि दुसऱ्या रोग्याकडे वळले.

घरी आल्यावर यांनी चिठ्ठी माझ्यापुढे धरली. घरात वाचता येणारी मी एकटीच. चिठ्ठीत होतं, 'चूर्ण सकाळ-संध्याकाळ अनुपानाबरोबर.' त्यातलं पान मला कळलं. अनु कळलं नाही. पण दोघं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, "पानात घालून खायचं."

"कसलं पान?" सासूबाईंनी विचारलं.

"विड्याचं."

रोज हे दोन पानं आणत. पुडी उघडली की घोड्याच्या अंगाचा वास यायचा. हे म्हणायचे, "अगं, आपली घोडीच पुडीत बांधून दिली बुवांनी." ते चूर्ण पानात गुंडाळून मी डोळे मिटून चावायची. ओठ लाल व्हायचे, बाकी काही नाही. पंधरा दिवस झाले तरी मुलगी रडतच होती.

पुडी संपली म्हणून हे पुन्हा दुकानात गेले. बुवांनी विचारलं, "अनुपान नीट घेते ना?"

"घेती की. रोज दोन पानं मीच आणून देतो."

बुवांना आधी कळेना आणि कळलं तेव्हा हसू आवरेना. मग त्यांनी सांगितलं, अनुपान म्हणजे औषध ज्याच्याबरोबर घ्यायचं ते. कुणाला मध, कुणाला तूप. मला ते दुधाबरोबर घ्यायचं होतं. दर वेळी पावशेर, कोमट.

हे घरी येऊन सांगू लागले तेव्हा मी चुलीत तोंड घालून फुंकत बसले. वर बघायची सोय नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "चार बुकं शिकली अन् पानाला फसली!" मग दुधाचं ऐकून म्हणाल्या, "रोज दोन पावशेर, म्हंजी अच्छेर? तालमीत जायची हायेस का गं?" आमच्याकडे दूध चहापुरतं यायचं. बाईमाणसाने पेला भरून दूध प्यायल्याचं मी पाहिलं नव्हतं. पण त्यांनी मुलीकडे बघितलं आणि पुन्हा कनवटीला हात घातला. "हे बी उसने."

दहा-बारा दिवसांत फरक दिसला. मुलगी प्यायली की तिथेच झोपू लागली. महिन्याभरात तिच्या मनगटाला वळी पडली. आणि मला एक कोडं पडलं. चूर्ण तर आधीही पोटात जात होतं. मग गुण आला तो मुळीचा, का दुधाचा? पुडी संपली तेव्हा मी कुणाला न सांगता आठ दिवस नुसतं दूध पिऊन पाहिलं. मुलगी काही रडली नाही. पण तेवढ्यात मुळीचा गुण अंगात मुरला असेल, असंही वाटे.

सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "पानाचा गुण आला. माजं ऐक."

पुढे थंडीत केडगावला लग्नाला निघालो होतो. वाटेत घोडीला पाणी पाजायला टांगा थांबला. बांधावर झुडपं होती, कागदासारख्या टोपणात लाल फळं. माझी आई त्यांना ढोरगुंज म्हणायची आणि उपटून फेकायची. सहज एक उपटलं, मूळ चोळलं, नाकाशी नेलं. तोच वास! घोडी शेजारीच उभी होती म्हणून मी चार पावलं लांब जाऊन पुन्हा हुंगलं. तोच.

मूळ पदरात बांधून मी दुसऱ्या दिवशी वैद्यबुवांकडे गेले. या वेळी दाराशी थांबले नाही. बुवांनी मूळ मोडून पाहिलं. "आस्कंदच आहे. वाळवून आणलंस तर विकत घेईन."

मग दर आठवड्याला मी यांच्याबरोबर जाई, बांधवाल्याला विचारून खुरप्याने मुळं काढी, धुऊन पत्र्यावर वाळवी. बुवा तोलून पैसे देत. एकदा पैसे घेऊनही मी घुटमळले तेव्हा त्यांनीच विचारलं, "अजून काही म्हणायचंय का?"

मी धीर करून विचारलं, "मला गुण कशाचा आला? मुळीचा का दुधाचा?"

बुवांनी काटा खाली ठेवला. म्हणाले, "तीस वर्षं झाली मुली, मलाही सांगता येत नाही. म्हणून तर दोन्ही एकदमच देतो."

संक्रांतीनंतर दुधाचे आणि औषधाचे मिळून सगळे पैसे जमले. मी ते सासूबाईंच्या पुढ्यात ठेवले. मांडीवर मुलगी होती, तिने एक रुपया पकडून तोंडात घालायला बघितला. सासूबाईंनी तो तिच्या मुठीतून सोडवला, नाकाशी नेला आणि तोंड वाकडं केलं.

"याला बी घोड्याचा वास येतोय गं," म्हणाल्या. मग एक-एक नाणं मोजून कनवटीला खोचलं. "फिटले सगळे."