मालकीणबाईंना विचारून सांगते

माझ्या थोरल्या बहिणीला जन्मात कुणाला 'नाही' म्हणता आलं नाही. मेहुणे गेल्यावर चार भाड्याच्या खोल्या तिच्या गळ्यात पडल्या. त्या सांभाळणारा एजंट कामचुकार निघाला, म्हणून त्याला घरी बसवून ती स्वतःच कारभार बघायला लागली. भाडेकरूंनी तिला आधी कधी पाहिलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात एक भाडेकरू मधली भिंत पाडायची म्हणून अडून बसला. ताईच्या तोंडून निघून गेलं, "थांबा हं, मालकीणबाईंना विचारून सांगते." संध्याकाळी तिने सांगितलं, "बाई नाही म्हणाल्या."

मग काय, तिला चटकच लागली! कुत्रा पाळायचा? बाई नाही म्हणाल्या. गच्चीवर पत्रे ठोकायचे? बाई नाही म्हणाल्या. भाडेकरू बाईंच्या नावाने बोटं मोडायचे आणि ताईला चहा पाजायचे. पण नळ गळला की पाना घेऊन ताईच धावायची, जिनाही तीच झाडायची. नोकरमाणूस ना ती!

"एकदाचं खरं सांगून टाक," मी कावून म्हणाले.

"आता कुठल्या तोंडाने सांगू?"

लेकीचं बाळंतपण आलं, तरी हिचा पाय निघेना. मागे सगळं बघणार कोण? वरच्या खोलीतली नर्स माझ्यासमोरच तिच्यावर उखडली, "काकू, लेकीसाठीही रजा देत नाही? सोडून द्या असल्या बाईची नोकरी!"

ताईने हातातला पाना पदराला पुसला.

"कशी सोडू गं? त्या बाईला माझ्याशिवाय आहे कोण?"